तुलनेचा वाण

तिनं मक्याची मोळी वजनकाट्यावर अशी आदळली, की काटेवाल्या मामांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग काट्याकडे.

"मॅडम, यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

"तुम्ही वजन सांगा, मामा."

घोडं मारलं होतं संचालकांनी. संशोधन केंद्राच्या फाटकावर त्यांनी फलक लावला होता: 'नवा वाण, दीडपट चारा.' वाण तिचा होता. मक्याच्या तुऱ्यांना कागदी पिशव्या बांधून, हव्या त्या परागाची हव्या त्या कणसाशी गाठ घालण्यात तिची वीस वर्षं गेली होती. नवरा पाहुण्यांना सांगायचा, "हिनं हजारभर लग्नं लावलीत, सगळी मक्याची. पोरीच्या गॅदरिंगला मात्र वेळ मिळाला नाही." पाहुणे हसायचे. पोरगी हसायची नाही.

तरी तो फलक तिला खुपत होता. दीडपट म्हणजे कशाच्या? जुन्या वाणानं वीस वर्षांपूर्वी दिलेल्या चाऱ्याच्या. तेव्हाचा हंगाम थंड आणि तोकडा होता. आता ऊब लवकर येते, उशिरा जाते, आणि तेवढ्या उबेवर मका खूश असतो. म्हणून तर जुना वाण दरवर्षी नव्याच्या शेजारी पेरायचा, दोघांना एकच हवा दाखवायची आणि फरक पडेल तेवढाच आपला म्हणायचा, ही या कामाची साधी रीत. संचालकांनी ती काही वर्षांपूर्वी बंद केली. जागा नाही म्हणाले. नव्हतीच; तिथं पाहुण्यांच्या गाड्यांसाठी शेड झाली होती.

यंदा भर बैठकीत तिनं विचारलं होतं, "सर, प्रामाणिकपणाला किती ओळी लागतात?" सगळे आपापल्या चहात बघू लागले. जुन्या वाणाला शेतात ओळी मिळाल्या. तिचा हिशेब असा, की वाढलेल्या चाऱ्यातला अर्धा वाटा हवेचा निघेल, अर्धा तिचा. तेवढा तिला पुरे होता. सरांचं नाक कापलं जाईल, तो नफा वेगळा.

"पुन्हा तोला," ती म्हणाली.

"तीनदा झालं, मॅडम. जुन्या-नव्यात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही."

"ओल्या वजनाला अर्थ नसतो. ओव्हनमध्ये सुकवल्यावर भरेल ते खरं."

हे ती मामांना सांगत होती की कुणाला, कळत नव्हतं. तिनं दोन्हीकडचं एकेक ताट मुठीत पिळलं. रस सारखाच निघाला.

मागून संचालक आले. काट्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"सारखंच भरलं ना? मी गेल्या वर्षी गोठ्यामागं दोन ओळी लावून पाहिल्या होत्या."

"आणि बोलला नाहीत?"

"काय बोलणार? वीस वर्षं काम ऊन करत होतं आणि पगार तुम्ही घेत होता, असं? फलक मी माझ्यासाठी लावला, कबूल. पण झाकलं ते तुमच्यासाठीही."

"उपकार झाले," ती म्हणाली. "आणि हेच ऊन अजून चढलं, फुलोऱ्यातच पराग भाजले, कणसं रिकामी राहिली, तर? लोक आपला वाण लावून बसलेले असतील. त्यांच्या गुरांनी काय फलक खायचा?"

"तेव्हा आपण दोघंही निवृत्त असू."

मामा काटा पुसू लागले. स्वच्छच होता.

संचालकांनी सुकवण्यासाठी काढलेल्या जुन्या वाणाच्या नमुन्याची पिशवी उचलली. "ही चुकून गोठ्यात गेली, तर कुणी विचारणार नाही. वाणाला तुमचं नाव द्यायचं ठरलंय, मॅडम. घरी सांगितलंत की नाही?"

घरी सांगितलं होतं. पोरगी पहिल्यांदाच मन लावून ऐकत होती.

तिनं त्यांच्या हातातली पिशवी जवळजवळ हिसकावली. दोन्ही नमुने ओव्हनमध्ये शेजारी-शेजारी ठेवले आणि दार असं लावलं, की वरचं तापमापक हललं.

"माझ्यावरचा राग त्या दारावर कशाला?"

"सकाळपर्यंत तुमच्यावरच होता, सर," ती म्हणाली आणि तिनं ओव्हन सुरू केला.