दोन श्वास कमी

मी एक जुनी पोहायची ट्यूब आहे. एके काळी लालभडक होते. आता रंग विटलाय आणि अंगावर दोन ठिगळं आहेत. हसू नका, मित्रांनो. या तलावावर माझाही थाट होता.

रबराच्या कारखान्यात माझा जन्म झाला. साच्यातून निघाले तेव्हा अंगाला असा वास मारत होता की बोलायची सोय नाही. पुढे दुकानात टांगून घेतलं, धूळ खाल्ली. तिथून मला उचललं एका मुलीने. तलावावर पोहायला शिकवायची नोकरी तिला नुकतीच लागली होती. पोरंसोरं तिला मासोळी म्हणायची. मीही तेच म्हणते.

मासोळीचे बाबा त्याच तलावाचं पंपघर सांभाळायचे. पाणी गाळायचं, औषध टाकायचं, मोटरीची कुरकुर ऐकायची. उभा जन्म पाण्याच्या काठावर गेला, पण गडी कधी घोट्याच्या वर भिजला नाही! मासोळी चिडवायची, "बाबा, तुम्हाला पोहायला शिकवल्याशिवाय मी काही मरत नाही."

"मग नकोच शिकवू," बाबा म्हणायचे. "जग चांगली शंभर वर्षं."

तिची शिकवायची रीतच न्यारी. मला पंपाने कधी भरलं नाही तिने. गाल फुगवून तोंडाने फुंकायची. पहिल्या दिवशी मी टम्म. एका वेळी माझा एकच शिष्य. मग रोज पाण्यात उतरायच्या आधी ती त्याच्या डोळ्यांदेखत माझं बूच काढायची, फुस्स करून हवा सोडायची आणि सांगायची, "आज दोन श्वास कमी." चोरून कधीच नाही. लोक घाबरायचे, विनवण्या करायचे. ही ढिम्म हलायची नाही. असं करता करता एक दिवस मी रिकाम्या पिशवीसारखी कमरेला लोंबत असायचे आणि माणूस आपला आपण पोहत असायचा! "ट्यूब रिकामी, काम फत्ते," असं म्हणून ती टाळ्या वाजवायची.

सुरुवातीला मला राग यायचा. मी रिकामी होण्यात कसला आलाय आनंद? पण लोकांचे ते चेहरे पाहिले आणि गप्प बसले. भित्री भागूबाई म्हणून घरी परत पाठवलेली किती माणसं तिने पाण्यावर आणली!

शेवटच्या शिष्या म्हणजे शिवणकाम करणाऱ्या काकू. लहानपणी बुडता बुडता वाचलेल्या, बादलीभर पाण्यालाही बिचकायच्या. नणंदा हसल्या, लेक म्हणाला, "आई, हे काय भलतंच?" पण मासोळीने त्यांचा हात धरला तो धरलाच. निम्म्या श्वासांपर्यंत आम्ही पोचलो होतो.

आणि मासोळीला ताप आला. साधा ताप, म्हणाले सगळे. पंपघरातल्या खुंटीवर मला अडकवताना ती बाबांना म्हणाली, "काकूंना सांगा, दोन दिवसांत येते." आली नाही ती. दवाखान्यातून बाबा एकटेच परत आले. मित्रांनो, चोवीस हे काय जायचं वय असतं का हो?

दिवसकार्य उरकलं आणि काकू पंपघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, ती ट्यूब देता का? माझं शिकणं अर्ध्यावर राहिलंय."

"दुसरी घ्या, ताई. बाहेर ढीगभर पडल्यात."

"दुसरीवर जीव धजत नाही हो. हिच्यात तिने भरलेलं..."

"म्हणूनच देत नाही!" बाबा ओरडले. "तिचा श्वास आहे त्यात. आता तेवढाच राहिलाय माझ्याकडे."

काकू डोळ्याला पदर लावून निघून गेल्या.

त्यानंतर बाबा रोज कामाला लागण्याआधी माझ्यावर अंगठा दाबून बघायचे. बुचावर त्यांनी चिकटपट्टी गुंडाळली, उन्हाची तिरीप येते म्हणून खिडकीला पुठ्ठा लावला. पण रबर म्हातारं झालं की हवा धरून ठेवत नाही. कुठून जातेय ते मलाही कळत नव्हतं, पण ती जात होती. ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी मला जपलं, तीच माझ्याच्याने होत नव्हती.

एक दिवस अंगठा खोल रुतला. चिकटपट्टी ओरबाडून बाबांनी बूच काढलं, फुंकायला माझ्या नळीला ओठ लावले आणि तसेच थांबले. त्यांनी फुंकलं असतं तर तिचा श्वास कुठला आणि त्यांचा कुठला, हे परत कधी कळलं नसतं. अंगठ्याने नळी दाबून ते खाली बसले. मग बूच लावलं, मला छातीशी धरलं आणि थेट काकूंचं दार वाजवलं.

"चला ताई. नुसता वाया जातोय तो. तुमच्या तरी कामी येऊ दे."

आम्ही पाण्यात उतरलो. बाबा काठावर बसले. रोज ते स्वतःच बूच काढायचे, नळी गालाशी धरायचे आणि म्हणायचे, "आज दोन श्वास कमी." शेवटच्या दिवशी माझ्यात काहीच उरलं नव्हतं. काकू या काठावरून त्या काठापर्यंत गेल्या. टाळ्या वाजवायला हात उचलले बाबांनी, पण त्या हातांत तोंड लपवून ते ढसाढसा रडले. तेव्हा कुठे रडले ते.

काकू ओल्या अंगाने आल्या, मला उचललं आणि गाल फुगवून फुंकायला लागल्या. थेट मासोळीसारखं!

"भाऊ, उतरा पाण्यात."

"मी? या वयात?"

"मी कुठे सोळा वर्षांची आहे?"

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू जरूर जपा. धुवा, पुसा, ठिगळ लावा. पण खुंटीला टांगून ठेवू नका हो. आम्हाला कामाला लावा.

आता रोज बाबा काठ घट्ट धरून उभे असतात. परवा म्हणाले, "ताई, मला शिकवल्याशिवाय मरणार नाही म्हणायची ती."

"मग?" काकू म्हणाल्या. "शिकवतेच आहे की ती अजून."

तुम्हाला म्हणून सांगते, बाबांना पोहता येऊन बरेच दिवस झाले. पाण्यात मी त्यांच्या कमरेला असते, मला कळतं ते. पण काकूंनी बूच काढलं की ते घाईघाईने म्हणतात, "आजच्या दिवस राहू द्या. मला अजून येत नाही."