चाकाखालचे लिंबू

लातूर शहरातून औशाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, एका डाळमिलच्या मागील बाजूस, माणिकप्पांचे पत्र्याचे गॅरेज होते. त्या गॅरेजात शेजारी शेजारी दोन विलायती मोटारी उभ्या असत. दोन्ही एकाच जातीच्या, ट्रायम्फ स्पिटफायर; दोन आसनांच्या, उघड्या टपाच्या, आणि जमिनीला इतक्या लगटून असणाऱ्या की आत बसलेल्या मनुष्याची नजर ऑटोरिक्षाच्या चाकाशी भिडावी. एक लाल, दुसरी सायीसारखी पांढरी. लाल माणिकप्पांची. पांढरी नांदेडचे चित्रकला शिक्षक कैलासवासी रेणुकादास सर यांची.

आता त्यांपैकी एकीला निरोप देणे अटळ झाले होते. जागेच्या मालकास तेथे कोचिंग क्लासच्या मुलांसाठी वसतिगृह बांधावयाचे होते. दिवाळीपूर्वी जागा रिकामी करून द्यायची होती, आणि माणिकप्पांच्या घराशेजारच्या आडोशात एकच गाडी मावत होती. कोणती विकावी आणि कोणती ठेवावी, हा प्रश्न वरकरणी साधा होता. परंतु माणिकप्पांना त्याच्याकडे पाहण्याचे धैर्य होत नव्हते. कारण त्याचे उत्तर बॉनेटखाली दडलेले होते.

सरांच्या पत्नी कुसुमताई यांनी तर फोनवर एका दमात निकाल लावून टाकला. "आमची पांढरी विका, भावजी. तुमची लाल तुम्ही ठेवा. अख्खं लातूर तुम्हाला लाल गाडीवाले माणिकप्पा म्हणून ओळखतं. आमच्याकडे चालवणारं आहे कोण? लेक वैष्णवी हैदराबादला, मला सायकलसुद्धा येत नाही."

"बघू की वहिनी. घाई काय हाय?" माणिकप्पा म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्यांना हाताचे ग्रीस पुसण्याचेही भान राहिले नाही.

वीस वर्षांपूर्वी या दोघा मित्रांनी सिकंदराबादेतील एका बंगल्यातून त्या गाड्या जोडीने आणल्या होत्या. सरांना गाडीचा आकार आवडे, माणिकप्पांना तिचे यंत्र. दर रविवारी सर नांदेडहून एस.टी.ने येत, गाडीखाली अंथरलेल्या पोत्यावर माणिकप्पांच्या शेजारी आडवे होत आणि पाना हातात देता देता विचारीत, "अप्पा, हिला वेदना होत असतील का रे?" असे हे सर नऊ वर्षांपूर्वी हृदयविकाराने अकस्मात गेले. नांदेडच्या घरी गाडीला जागा नव्हती, म्हणून पांढरी लातूरलाच राहिली.

त्याच वर्षीच्या दसऱ्याला कुसुमताई प्रथमच गॅरेजवर आल्या. पूजेचे ताट पाहून त्या दोन पावले मागे सरल्या. त्या काळात त्यांना हळदीकुंकवाची बोलावणी येणे थांबले होते. माणिकप्पांनी स्वतः कुंकवाचा करंडा त्यांच्यापुढे धरला. "सरांच्या गाडीला तुमीच लावायचं, वहिनी. दुसऱ्या कुणाचा मान न्हाई तो." कुसुमताईंनी पांढऱ्या बॉनेटवर कुंकू लावले. माणिकप्पांनी पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबे ठेवली, इंजिन सुरू केले, आणि लिंबे चिरडून गाडी दिमाखात पुढे गेली. तेव्हापासून दर दसऱ्याला कुसुमताईंची नांदेडहून फेरी चुकली नाही.

पुढे तीन वर्षांनी लालच्या इंजिनाचा क्रँक, म्हणजे मुख्य दांडाच, तुटला. दुसऱ्या दिवशी एका कोचिंग क्लासच्या पहिल्या आलेल्या मुलीची मिरवणूक ठरलेली होती, आणि लाल उघड्या गाडीवाचून लातुरात मिरवणुकीला शोभा नसे. माणिकप्पांनी विचार केला, चार दिवसांपुरते घेऊ. पांढरीचे इंजिन चेनपुलीने उचलून त्यांनी लालमध्ये बसवले. चार दिवसांनंतर एक वरात होती. वरातीनंतर आणखी एक मिरवणूक. लालचे मोडके इंजिन भंगारात गेले. मग पांढरीचा गिअरबॉक्स गेला, रेडिएटर गेला, जोडीचे कार्बोरेटर गेले. गॅरेजवाल्यांची ही रीतच आहे. एका गाडीतून काढून दुसरीत घालताना कोणी त्यास चोरी म्हणत नाही. परंतु ज्याचे काढले तो मालक पुन्हा कधी विचारावयास येणार नसेल, तर त्यास काय म्हणावे, हे माणिकप्पांना आजवर कोणी शिकवले नव्हते.

त्यानंतरचे सहा दसरे पांढरी हाताने ढकलली जाऊ लागली. "बॅटरी उतरली वहिनी," असे माणिकप्पा म्हणत, आणि सहा माणसे लावून गाडी लिंबावरून नेत; हलक्या चाकाखालून लिंबू मात्र निसटून जाई. इंजिनाचे ओझे नसल्याने तिचे नाक वर उचललेले असे. कुसुमताईंनी एकदा विचारलेही, "ही अशी नाक वर करून का उभी असते हो?" माणिकप्पा हसून म्हणाले होते, "मास्तरची गाडी हाय. ऐट तर असणारच!" त्या हसल्या होत्या.

पुण्याचे आलोक नावाचे एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवीत असत. त्यांनी दोन्ही आर.सी. बुकांचे फोटो मागवले होते. भाद्रपदाच्या मध्यावर त्यांचा फोन आला.

"काका, रंगाचं मला काही नाही. ज्या गाडीत तिचं स्वतःचं इंजिन आहे, ती मी घेतो. नंबर बुकाशी जुळला पाहिजे. कोणती आहे तशी?"

माणिकप्पांनी फोन या कानावरून त्या कानाला लावला.

"काका? ऐकू येतंय का?"

"येऊन राहिलंय," ते म्हणाले. "दसऱ्यानंतर सांगतो."

त्यांची पत्नी सिंधु भाकरीचे पीठ मळीत सर्व ऐकत होती. तिला सारे ठाऊक होते. गॅरेजमधील गोष्ट घरापासून लपत नाही.

"काय सांगणार दसऱ्यानंतर?"

"बघू."

"सहा वर्षं झाली बघूनच राहिलेत तुमी. ती बाई तुमाला भावजी म्हणून जीव टाकती, आन् तुमी तिच्या नवऱ्याच्या गाडीचं काळीज काढून आपल्या गाडीत मिरवून राहिलात. लई शोभतंय!"

"चार दिवसांसाठी घेतलं होतं, सिंधे."

"मग कोणत्या साली संपत्यात तुमचे चार दिवस?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच माणिकप्पांनी लालचे बॉनेट उघडले. त्या जातीच्या गाडीचे बॉनेट पुढील बाजूस कलते, आणि मडगार्डांसह अख्खे तोंड बाजूला होऊन आतले सर्व काही उघडे पडते. इंजिनावर कोरलेला नंबर त्यांनी केरोसीनच्या बोळ्याने पुसला. तो पांढरीच्या बुकातलाच नंबर होता. जणू सर बोट ठेवून विचारीत होते.

तीन आठवडे ते खपले. जे ज्याचे होते ते त्यास परत करीत गेले; रेडिएटर, गिअरबॉक्स, कार्बोरेटर, शेवटचा नट-बोल्टसुद्धा. गुडघे बोलू लागले तरी त्यांनी मदतीला कोणास घेतले नाही. एका क्लासचे संचालक मिरवणुकीसाठी आले, तेव्हा ते गाडीखालूनच म्हणाले, "लाल गाडी आता निघत न्हाई." संचालकांनी दुप्पट भाड्याचे आमिष दाखवले. खालून पुन्हा तेच उत्तर आले.

आणि तरीही खरे सांगावयाचे तर, त्यांच्या मनाने एक पळवाट राखून ठेवली होती. सर्व जागच्या जागी बसले म्हणजे झाले. वहिनींना कळण्याचे कारणच काय? पांढरी सुरू होईल, विकली जाईल, आणि मागचे सहा दसरे कोणाच्या लेखी उरणार नाहीत.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी कुसुमताई आल्या. हातातील पिशवीत झेंडूच्या माळा, पेढे आणि एका फडक्यात बांधलेली लिंबे होती. त्यांनी पांढऱ्या बॉनेटवर कुंकू लावले, नारळ फोडला, आणि सवयीने विचारले, "ढकलायला माणसं कुठं आहेत, भावजी?"

"आज माणसं नकोत. बसा तुमी."

"मी? गाडीत?"

"सरांच्या शेजारच्या जागी बसा."

त्या बसल्या. माणिकप्पांनी चोक ओढला, सेल्फ मारला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पांढरी खाकरली आणि मग तिचा तो भरदार, किंचित घोगरा आवाज पत्र्याच्या छताखाली घुमला. कुसुमताईंनी तोंडाला पदर लावला. गाडी स्वतःच्या बळावर पुढे सरकली, चाकांखाली लिंबे फुटली, आणि गॅरेजभर त्यांचा वास पसरला.

"फुटलं!" कुसुमताई लहान मुलीसारख्या ओरडल्या. "भावजी, लिंबू फुटलं बघा! सहा वर्षं ढकलताना निसटून पळायचं ना? मला वाटायचं, सरांचं काहीतरी मागं राहिलंय. कुणाला बोलले नाही, पण दर दसऱ्याला निर्जळी उपास धरत होते मी. आज नांदेडला जाऊन जेवणार!"

माणिकप्पांनी इंजिन बंद केले.

कुसुमताई उतरल्या आणि कौतुकाने लालकडे वळल्या. लालचे नाक वर उचललेले होते. त्या हसून म्हणाल्या, "हे काय? सहा वर्षं आमची ऐटीत होती. यंदा तुमचीला ऐट चढली वाटतं?"

त्या वाक्यात लवमात्रही टोचणी नव्हती. तेच माणिकप्पांना सोसवले नाही. टोचणी असती, तर कदाचित ते आणखी एक विनोद करून निभावले असते. ते लालजवळ गेले, दोन्ही बाजूंच्या कड्या काढल्या आणि बॉनेट पुढे कलते केले. आत काहीच नव्हते. खालची फरशी आणि तिच्यावरचे तेलाचे डाग दिसत होते.

"ऐट न्हाई वहिनी. पोट रिकामं हाय. सहा वर्षं तुमचीचं रिकामं होतं. तुमच्या गाडीचं इंजिन काढून मी माझीत घातलं होतं. सगळ्या मिरवणुका त्याच्यावर केल्या. बॅटरी कधीच उतरली नव्हती."

कुसुमताई त्या पोकळीकडे पाहत राहिल्या. त्यांचा हसरा चेहरा हळूहळू विझला.

"म्हणजे मी रिकाम्या पत्र्याला कुंकू लावत होते."

"हाव."

"आणि तुम्ही करंडा धरून उभे होता."

माणिकप्पांनी मान हलवली.

"मला मागितलं असतं, तर दिलं नसतं का मी?"

"दिलं असतं. म्हणूनच मागितलं न्हाई. दिलेलं परत करावं लागतं."

मग पांढऱ्या गाडीच्या अजून गरम असलेल्या बॉनेटवर कुसुमताईंनी तळहात ठेवला. "त्या पुण्याच्या माणसाला कळवा. पांढरी मी विकते. फोनवर विका म्हणाले खरी, पण आजारी माणसाला घराबाहेर काढल्यासारखं वाटत होतं. आता ती आपल्या पायांनी जाईल."

"आन् लाल?"

"तुमची लाल तुम्ही ठेवा. मी आधीच सांगितलं होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता; माया होती असेही म्हणवत नाही. त्यांनी फडक्यातून उरलेली दोन लिंबे काढली, वाकून लालच्या पुढच्या चाकांसमोर ठेवली आणि बाजूला झाल्या. "तिचाही दसरा करा. ढकला."

"एकटा?"

"मी नाही हात लावणार."

माणिकप्पांनी बॉनेट मिटले, मागे जाऊन खांदा लावला. गुडघ्यांतून कळ निघाली. इंजिन नसलेली गाडी जड नसते. पण त्या दिवशी ती त्यांना हलवता हलेना. शेवटी एक हिसका बसला आणि चाक फिरले. डावीकडचे लिंबू निसटून गडगडत कुसुमताईंच्या पायाशी येऊन थांबले.

त्यांनी ते उचलले, पदराला पुसले आणि पुन्हा चाकासमोर ठेवले.

"पुन्हा ढकला, भावजी," त्या म्हणाल्या.

माणिकप्पांनी पुन्हा खांदा लावला.