सटवाईच्या मांजराची साक्ष

दिनकररावांच्या ओसरीपुढं त्या सकाळी एवढी माणसं जमली की माझ्या शाळेत चारच पोरं उरली, आणि ती चारही खिडकीला लटकलेली. शेवटी मी शाळा सोडून दिली आणि स्वतःही गर्दीत जाऊन उभा राहिलो. गावाला शहाणं करायला वगैरे नाही, तमाशा बघायला. खोटं कशाला बोलू?

ओसरीवर घोंगडी अंथरली होती. तिच्यावर भगवी कफनी घातलेला एक गलेलठ्ठ बाबा, आणि पुढ्यातल्या दुरडीत एक पांढरंशुभ्र मांजर. मांजराच्या कपाळावर हळदकुंकू होतं आणि चेहऱ्यावर कमालीचा कंटाळा.

"हे मांजर न्हाई!" बाबा गरजला. "हे सटवाईचं वाहन हाय. पाचवीच्या राती सटवाई लेकराच्या कपाळावर लिव्हती, तव्हा हे तिच्या मांडीशी बसून समदं वाचतंय. दुनियेचं नशीब याच्या पोटात हाय. पर याची बोली फकस्त मला कळती!"

मांजर "म्याव" म्हणालं. बाबानं कान त्याच्या तोंडाशी नेला, डोळे मिटले आणि मान डोलावली.

"काय म्हनतंय, ऐका. या घरातल्या लेकराच्या गळ्यातला टाक गेलाय. चांदीचा हाय. काळ्या दोऱ्यात हाय. नेनारा हात बाहेरचा हाय, पर रोज घरात येनारा हाय."

एका म्यावमध्ये एवढा मजकूर मावतो हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या साहेबांच्या दोन पानी परिपत्रकातही यातला निम्मा नसतो. पण गर्दीनं मोठ्यानं श्वास घेतला आणि बायकांनी हात जोडले.

आता हे सगळं बाबाला मांजरानं सांगायची काय गरज होती? दिनकररावांच्या पंधरा दिवसांच्या नातवाच्या गळ्यात पाचवीला सटवाईचा टाक घातला होता, म्हणजे देवीचं चित्र उठवलेला चांदीचा पत्रा, आणि तो बारशाच्या दिवशीच गेला होता. पिठाच्या गिरणीवर दळण टेकवून बसलेल्या कुणालाही हे पाठ होतं. बाबा तर तीन दिवस मारुतीच्या देवळात मुक्कामाला होता. विद्यापीठाच्या नामांतरावरून मोर्चे निघत होते, गंगाखेडची एस.टी. बंद होती, आणि अडकलेल्या माणसाला ऐकण्याखेरीज दुसरा उद्योग नव्हता.

मग परीक्षा झाली. घरात ये-जा असणारी पाच माणसं ओळीनं बसवली. शेवटची कासाबाई. ती धनगरवाड्यातली सुईण. मेंढ्यांची आणि बायांची, दोन्हींची बाळंतपणं तिच्याच हातची. बाळाला तेल लावायला ती रोज यायची. बारशाच्या दिवशीही तिनं बाळाच्या गळ्यातला टाक काढून कोनाड्यात ठेवला, अंघोळ घातली, आणि पाहते तो कोनाडा रिकामा.

बाबानं पाचही जणांच्या पायांना अंगारा लावला आणि मांजर सोडलं. मांजरानं पहिल्याचे पाय हुंगले, दुसऱ्याचे हुंगले, आणि कासाबाईपाशी आल्यावर थांबलं. तिच्या पायाला गाल घासायला लागलं. तोंडातून लाळ गळायला लागली. मग ते चक्क उताणं पडलं, गडाबडा लोळलं आणि घशातून लांबलचक, चमत्कारिक आवाज काढायला लागलं.

"बोलायलंय! बोलायलंय!" गर्दी ओरडली.

"हीच म्हनतंय," बाबा म्हणाला. "याच हातानं गेला म्हनतंय."

शेजारी उभ्या चंद्रभाननं मला कोपर मारलं. गावातल्या प्रत्येक नवसाला हजर असणारा हा माणूस. "काय गुरुजी? आता काय म्हंता? मुकं जनावर काय लाच खातंय व्हय?"

मांजर लोळलं होतं हे मीही डोळ्यांनी पाहिलं होतं.

दिनकरराव तसे वाईट माणूस नव्हेत. त्यांनी हात उगारला नाही की शिवी दिली नाही. "कासे, सोमवारपतोर टाक आनून दे," एवढंच म्हणाले. "पोलिसात जानार न्हाई मी. न्हाई तर तुझं बिऱ्हाड या गावातनं हलव." कासाबाई रडली नाही, भांडलीही नाही. स्वतःचे हात पुढं धरून ती त्यांच्याकडं बघत राहिली.

यात माझं काय गेलं होतं, ते सांगतो. माझ्या बायकोला, केशरला, नववा महिना सरत आला होता. दवाखाना गंगाखेडला, एस.टी. बंद, ओढ्याला पाणी. गावात भरवशाचे हात दोनच, आणि त्यांनाच चोर ठरवलं होतं.

संध्याकाळी कासाबाई आपण होऊन आमच्याकडं आली. उंबऱ्याबाहेर बसली.

"केशरबाई, दुसरी कोनी बगून ठिवा. मी लेकराला हात लावनार न्हाई आता."

"अहो, पण टाक तुम्ही घेतला का?" मी विचारलं.

"मला तर याद न्हाई, गुरुजी. पर मांजर खोटं कामून बोलंल? त्याची माझी काय दुश्मनी? माझ्याच हातनं झालं आसंल. मानसाला कळत न्हाई अन् हात काम करून जातेत."

मला असा संताप आला की काय सांगू. बाबाचा आलाच, पण तिचाही आला. पन्नास वर्षांच्या बाईनं, निम्मं गाव जिच्या हातांत जन्मलं तिनं, एका मांजराच्या शब्दावर स्वतःला चोर मानून टाकावं? मी समजावलं, चिडलो, शेवटी हात टेकले. ती नुसती मान हलवत होती.

तेवढ्यात आमची चिंधी आली. चिंधी म्हणजे आमची मांजर. फाटक्या कानाची, खडूस, मला सुद्धा ओरबाडणारी. ती सरळ कासाबाईपाशी गेली, तिच्या पदराच्या गाठीला गाल घासायला लागली, लाळ गाळली आणि उताणी लोळायला लागली!

कासाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "बगा! तुमचं बी मांजर तेच म्हनायलंय!"

"त्या गाठीत काय आहे?"

"अंगारा. बाबानं दिला. कबूल करूस्तोर पदराला ठेव म्हनले."

मी गाठ सोडवली. राखेत कसल्यातरी ओलसर, तपकिरी काड्या कुटून मिसळल्या होत्या. मला ओळखू येईना. कासाबाईनंच हुंगलं.

"ही तर खोकलीची मुळी. पाला मी लेकरांच्या खोकल्याला देती. पर अंगाऱ्यात मुळी कामून घातली?"

खोकली हे पावसाळ्यात उकिरड्यावर, बांधावर कुठंही उगवणारं तण. शाळेमागं ढीगभर होतं. मी धावत जाऊन एक रोप उपटलं, मुळी ठेचली आणि चिंधीपुढं टाकली. चिंधी लोळली. कडुनिंबाची मुळी टाकली, तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. तुळशीची टाकली, ती उठून गेली. पुन्हा खोकलीची टाकली, पुन्हा लोळली. शेजारचा बोका धरून आणला, तोही लोळला. बाबानं चौघांना साधी राख लावली होती आणि कासाबाईला मुळीची. गावाला जिचा संशय होता, तिच्याच पायाला. बाकीचं काम मांजराच्या नाकानं केलं.

"पटलं?" मी विचारलं.

कासाबाईनं सगळं नीट पाहिलं होतं. "व्हय," ती म्हणाली. "सटवाईच्या मांजराला खोकली आवडती. पर गुरुजी, मी न्हाई घेतला, तर टाक कुठं हाय?"

याचं उत्तर माझ्या प्रयोगात नव्हतं.

रविवारी सकाळी मी चिंधीला पिशवीत घालून दिनकररावांच्या ओसरीवर गेलो. बाबा तिथंच शिरा खात होता. गर्दी जमायला वेळ लागला नाही. मी चार माणसं बसवली आणि तिघांच्या पायांना साधी राख लावली. खुद्द दिनकररावांच्या पायाला मुळी चोळली. चिंधी सुटली ती थेट त्यांच्या पायाशी लोळायला लागली.

"दिनकरराव," मी म्हणालो, "मांजर म्हणतंय, टाक तुम्हीच घेतला."

गर्दी खदखदून हसली. दिनकरराव सुद्धा हसले. मग मी मुळी चंद्रभानच्या हातात दिली. त्यानं स्वतःच्या पायाला चोळली, आणि चिंधी त्याच्याकडं. मी बाबाच्या झोळीतून अंगाऱ्याच्या दोन पुड्या काढून दाखवल्या, एक कोरडी, एक मुळीची. सगळ्यांना हुंगायला लावल्या. बाबा जागचा हलला नाही.

"देवीची वनस्पती हाय ती," तो शिरा गिळत म्हणाला. "मी लपवली कव्हा?"

पण माणसं एकमेकांकडं बघत होती. कुणीतरी म्हणालं, "फशिवलं की आपल्याला." त्या क्षणी मला वाटलं, जिंकलो.

आणि चिंधी उठली. तिनं अंग झाडलं, एक कान टवकारला आणि तीरासारखी आतल्या खोलीत शिरली. आम्ही मागं धावलो. कोनाड्याखाली ज्वारीची कणगी होती. तिच्या मागं शिरून चिंधी जमीन उकरायला लागली होती.

"उंदीर असेल," मी म्हणालो. पण दिनकररावांनी कणगी सरकवायला सांगितली. मागं बीळ होतं. चंद्रभाननं खुरप्यानं उकरलं. कुरतडलेल्या चिंध्या निघाल्या, शेंगांची टरफलं निघाली, आणि मग काळा दोरा निघाला. दोऱ्याला टाक.

दोरा मी नाकाशी धरला. करडईच्या तेलाचा वास येत होता. बाळाला रोज चोळायचं तेल दोऱ्यात मुरलं होतं. कोनाड्यात ठेवल्याबरोबर उंदरानं तेलासाठी दोरा ओढला आणि त्याच्याबरोबर चांदीही बिळात गेली. किती साधी गोष्ट! मी ती सगळ्यांना सांगायला तोंड उघडलं.

"गुरुजींच्या मांजरानं टाक काढला!" चंद्रभान किंचाळला.

"अरे, उंदीर!" मी ओरडलो. "तिला उंदराचा वास आला! मांजर उंदरासाठी गेलं!"

कुणीही ऐकत नव्हतं. बायका चिंधीच्या पाया पडत होत्या आणि ती त्यांच्यावर गुरगुरत होती. बाबानं हात धुतले, पुढं येऊन मला मिठी मारली.

"माझ्या मांजरानं खबर दिली, गुरुजींच्या मांजरानं माल दिला. गुरुजी माझे गुरुबंधू हायेत!"

"अहो, तुमच्या मांजरानं कासाबाईला चोर ठरवलं होतं!"

"ती बसली कुटं व्हती? या खोलीच्या दाराला पाठ लावून. मांजर दिशा सांगायलं व्हतं. आमचा समजून घ्यायचा कसूर."



दिनकररावांनी सगळ्यांसमोर कासाबाईपुढं हात जोडले. "कासे, आमचं चुकलं," म्हणाले. त्यांचं मोठेपण मी मानतो. पण कासाबाई त्यांच्याकडं बघतच नव्हती. तिनं पहिला नमस्कार चिंधीला केला.

सोमवारी एस.टी. सुरू झाली. बाबा नारळ आणि पायलीभर ज्वारी घेऊन सन्मानानं गेला. मंगळवारी सकाळी माझ्या दारात सात माणसं बसलेली. पहिला उमाजी, त्याची शेळी हरवली होती. मी प्रत्येकाला खोकलीची मुळी दिली. म्हणालो, घरी जा, कुणाच्याही मांजराला द्या, स्वतः करून बघा. त्यांनी मुळ्या कपाळाला लावल्या आणि घरी जाऊन देव्हाऱ्यात ठेवल्या.

बुधवारी केशर सुटली. मुलगी झाली. कासाबाईचे हात पूर्वीसारखेच चालले. मी ओल्या डोळ्यांनी विचारलं, "आता तरी तुमच्या हातांवर तुमचा विश्वास आहे ना?"

"चिंधीनं सोडवलं मला, गुरुजी," ती म्हणाली.

पाचवीला केशरनं पाटावर सटवाई मांडली. रीतीप्रमाणं नशीब लिहायला कोरा कागद ठेवला, लेखणी ठेवली. आणि शेजारी चिंधीला हळदकुंकू लावून दूध दिलं. मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "असू द्या हो. लेकराचं आहे." आणि मी गप्प बसलो. गावाशी भांडणारा मी, माझ्या घरात गप्प बसलो. लाज वाटली, पण बसलो.

सकाळी कागद कोराच होता. तो प्रत्येकाच्या घरी कोराच असतो, आणि कोरा का, हे कुणी विचारत नाही. मी पाटाशी बसलो, लेखणी उचलली आणि माझ्या लेकीसाठी लिहिलं.

"बाळ, कासाबाईला एका मांजरानं चोर केलं आणि दुसऱ्या मांजरानं सोडवलं. दोन्ही वेळा मांजराला यातलं काही ठाऊक नव्हतं. एकाला मुळीचा वास आला होता, दुसरीला उंदराचा. आपल्या गावानं ते समोर पाहिलं आणि तरी पाहिलं नाही. मला ते दाखवता आलं नाही, तुला कदाचित येईल. उद्या पुन्हा कुठलं तरी मांजर कुणाच्या तरी पायाशी लोळेल, आणि त्या वेळी टाक उंदराच्याच बिळात सापडेल असं नाही. तेव्हा हात जोडू नकोस. खोकलीचं रोप शाळेमागं आहे. मुळी ठेच, मांजरापुढं टाक, स्वतः बघ. आणि मांजराच्या म्यावचा अर्थ सांगणारा भेटला, तर आधी त्याची बोटं हुंग."