अर्ध्या पत्त्यावर गेलेला निरोप

मी एक जुनी कुकी आहे, मित्रांनो. खायची नव्हे, संकेतस्थळ संगणकात ठेवून देतं ती इवलीशी चिठ्ठी. मला पाहिलं की संकेतस्थळ ओळखीच्या माणसाला दार उघडतं. चिठ्ठी धरणारा हात मात्र त्यालाही दिसत नाही, मलाही नाही.

धाड गावातल्या नेट कॅफेत मयुरीनं वसतिगृहाच्या अर्जासाठी पासवर्ड टाकला आणि मी जन्मले. ज्या तयार कोडनं मला घडवलं, त्याला लायब्ररी म्हणतात. या लायब्ररीनं माझ्यावर पत्तासुद्धा लिहिला: 'अर्ज' विभाग. मग काय, दर पानाला मी ऐटीत पुढे व्हायचे, ही मयुरी म्हणून सांगायचे.

अर्ज गेला. मागे मैत्रीण समीक्षा उभीच होती. तिनं सकाळीच भरला होता.

"ऊठ वं आता, मले माहा नंबर पाहू दे. एकच जागा राह्यली, अन् मार्क तुलेच जास्त. चहा तरी पाज!"

"सांगतो, बाई, सांगतो. तोंड नको पाडू." मयुरीनं आठवणीनं 'बाहेर पडा' दाबलं आणि चहा सांगायला गेली.

त्या क्षणी मी संपायला हवं होतं. पण मला पुसून टाकायचा जो निरोप लायब्ररीनं पाठवला, त्यावर 'अर्ज' विभागाचा पत्ताच घातला नाही. निरोप मुख्य दारावर गेला, तिथे मी नव्हतेच. जिनं जन्म दिला, तीच माझं घर विसरली.

समीक्षानं पान उघडलं. समोर मयुरीचा अर्ज.

"मयु..." हाक अर्ध्यात गिळली. दाराकडे पाहिलं. 'अर्ज मागे घ्या' दाबलं. आणि मी, सवयीनं, साक्ष दिली: ही मयुरीच.

दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा तिथेच. फोनवर वसतिगृहाचा माणूस म्हणत होता, "ताई, तुमच्याच खात्यातून मागे घेतलाय. जागा दुसऱ्या मुलीला गेली."

"मी काऊन घेईन?" मयुरी रडकुंडीला आली.

"जाऊ दे वं, पुढच्या साली भर," समीक्षानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मयुरीनं डोळे पुसत कालच्याच संगणकावर पान उघडलं. पासवर्ड विचारलाच गेला नाही. अर्ज थेट समोर.

तिनं हळूच पाठीवरचा हात बाजूला केला.

"समे, काल माह्यामागं तूच बसली होती ना?"

समीक्षा चपला शोधू लागली.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी अशी लायब्ररी लिहील. कुकीला जो पत्ता देऊन ठेवाल, निरोपही त्याच पत्त्यावर पाठवा. आम्हाला वेळेवर जाऊ द्या. मी एक दिवस जास्त जगले, आणि मयुरी एकटीच घरी गेली.