एका मंगळवारी तेवीस लग्नं

माझा भाऊ फिंटन छप्पन्न वर्षांचा आहे आणि त्या मंगळवारी त्यानं सकाळपासून दोनदा दाढी केली होती. दुसऱ्यांदा करायला गालावर काही शिल्लक नव्हतं, तरी केली. मी पॅनकेकचं पीठ भिजवत होते. बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपासाचे दिवस, म्हणून घरातली अंडी आणि लोणी संपवायची गडबड.

"डिंपना, टाय कोणता लावू?"

"दोन्ही लाव. हो म्हणाली नाही तरी हसेल."

"मी लग्नाचं विचारायला निघालोय आणि तुला चेष्टा सुचतेय."

चेष्टा सुचणारच. आमच्या या आयरिश खेड्यात लग्नं ठरवायची आणि लावायची ती या मंगळवारपर्यंत, नाहीतर थेट ईस्टरनंतर, असा पूर्वापार शिरस्ता होता. दर वर्षी या दिवशी फिंटनला कुणी ना कुणी मुलगी सुचवायचं आणि हा पठ्ठ्या गाईंच्या गोठ्यात दडी मारायचा. आज पहिल्यांदाच स्वतःहून विचारायला निघाला होता, तेही थेट ऑस्ट्रेलियातल्या बाईला.

लोर्ना पर्थची. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तिची खापरपणजी अ‍ॅन ही आमच्याच गावची. १८४९ साली दुष्काळात अनाथ झाली आणि अठराव्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या जहाजावर चढली. तिच्या कागदावर आईचं नाव होतं, होनोरा नीलन. बापाच्या नावाची जागा कोरी. तो बाप कोण, हे शोधायला लोर्ना जानेवारीत आठवड्यासाठी आली. बाप्तिस्म्याच्या वह्या आमच्याकडे १८३५ नंतरच्याच आहेत, त्यामुळे होनोराच्या लग्नाची नोंद सापडली तरच काही कळणार होतं. आणि लग्नाच्या जुन्या वह्यांची किल्ली माझ्याकडे, कारण चर्चचं ऑफिस मीच सांभाळते.

फिंटन एरवी चर्चच्या ऑफिसात कुणी मेलं तरच पाऊल टाकायचा. लोर्ना आल्यापासून तो रोज तिथला हीटर दुरुस्त करायला यायला लागला. तिसऱ्या दिवशी हीटर खरोखरच बिघडला. मग तर आनंदच. एका आठवड्याचे पाच झाले, पण वहीतली अक्षरं काही संपेनात आणि फिंटनचं तोंड काही उघडेना. बुधवारी सकाळी तिचं विमान होतं.

मी पहिला पॅनकेक उलटते न उलटते तोच दार धाडकन उघडलं आणि लोर्ना आत आली. आज सकाळी तिनं ऑफिसची किल्ली मागून घेतली होती.

"सापडली! होनोरा सापडली! १८२९, हाच मंगळवार! आणि नवरा कोण माहितीये? खाली बसा आधी. थेडी हेहिर!"

थेडी हेहिर म्हणजे आमचा खापरपणजोबा. माझ्या हातातला कालथा तसाच राहिला.

"म्हणजे आपण नात्यातले!" लोर्नानं फिंटनच्या गळ्यात हात टाकले. "काय रे माझ्या भावा! पाच आठवडे शेजारी बसलास आणि आपला माणूस निघालास!"

भाऊ! फिंटनचा चेहरा माझ्या पिठासारखा झाला. "छान," एवढंच म्हणाला आणि टाय सोडवत मागच्या दारानं गोठ्याकडे गेला.

मी मागोमाग.

"अरे, पाच पिढ्यांमागचं नातं. ना कायदा आडवा येतो, ना चर्च. जा, विचार."

"कायद्याचं काय घेऊन बसलीस? ती मला भाऊ म्हणाली! येताना पोस्टातही सांगून आलीये म्हणे. आता कोणत्या तोंडानं विचारू?"

"आहे त्याच तोंडानं. चांगलं दोनदा घासलंयस."

"तू जा बाई."

असा राग आला मला! लोर्नाला पॅनकेक, लिंबू आणि साखर यांच्या स्वाधीन केलं आणि तरातरा ऑफिस गाठलं. आमच्या घराण्याच्या थडग्यावर थेडीच्या शेजारी बायकोचं नाव कोरलंय ते ब्रिजेट लर्निहन. मग ही होनोरा मध्येच कुठून उपटली?

वही टेबलावर उघडीच होती. त्या एका मंगळवारी फादरनं तेवीस लग्नं लावली होती. तेवीस! पहिल्या सहा ओळी मोत्यासारख्या, मग अक्षर जरा कलतं, आणि दहाव्या ओळीनंतर अगदी बेताल. प्रत्येक लग्नाला वऱ्हाडी फादरला एकेक पेला देत असणार, आणि नाही म्हणायचा त्याचा स्वभाव नसणार. चौदावी ओळ लोर्ना म्हणाली तशीच होती. नवरा थेडी हेहिर, नवरी होनोरा नीलन, साक्षीदार मायकल कॉन्सिडाइन आणि ब्रिजेट लर्निहन.

इथंच वही सोडून ती नाचत घरी आली होती. मी खाली वाचत गेले. सतरावी ओळ. नवरा पुन्हा थेडी हेहिर, चौदाव्या ओळीतल्याच वाडीचा. नवरी ब्रिजेट लर्निहन. साक्षीदार मायकल कॉन्सिडाइन आणि होनोरा नीलन.

तीच चार माणसं! मी एकटीच खदाखदा हसत सुटले. दोन मित्र, दोन मैत्रिणी, एकमेकांच्या लग्नाला साक्षीदार म्हणून उभे राहिले. आमच्याकडे अजूनही तसंच करतात. त्या तेवीस ओळींत मायकल नवरा म्हणून कुठेच नव्हता, नुसता साक्ष देत फिरत होता. फादरच्या डोळ्यांपुढे तेच चार चेहरे, डोक्यात चौदा पेले, त्यानं साक्षीदाराला नवऱ्याच्या जागी बसवलं आणि नवऱ्याला साक्षीदाराच्या. नाहीतर नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नात, त्याच दुपारी, पहिली बायको साक्षीदार म्हणून हसत उभी राहील, हे आमच्या क्लेअर परगण्यात तरी शक्य नाही.

मी धावत घरी आले. या गुडघ्यांनी धावले, यावरून काय ते समजा. फिंटनला गोठ्यातून ओढत आणलं, टेबलाशी बसवलं, आणि तेवीस लग्नांची कथा हातवारे करून सांगितली. "तेव्हा लोर्ना, तुझा माणूस मायकल कॉन्सिडाइन! आमचा थेडी नव्हेच! आपलं काडीचंही नातं नाही!"

मला वाटलं, टाळ्या पडतील.

लोर्ना हळूच खुर्चीत टेकली. "कॉन्सिडाइन आहेत कुणी गावात?"

"नाही गं. दुष्काळात सगळे गेले. थडगंसुद्धा नाही."

"म्हणजे इथं माझं कुणीच नाही," ती म्हणाली. हसायला गेली आणि डोळे भरून आले. "सकाळी होतं. दोन तास होतं."

माझी जीभ चावून टाकावीशी वाटली मला. एवढा वेळ मी फक्त माझ्या भावाच्या बाजूनं हिशेब करत होते. अर्ध्या जगाला वळसा घालून ही बाई आपलं माणूस शोधत आली होती आणि मी ते खिदळत हिसकावून घेतलं होतं.

फिंटन उठला. तोंडात पॅनकेक, हनुवटीवर साखर.

"नातं नाही ना? मग करू या."

"काय?" लोर्ना म्हणाली.

त्यानं घास गिळला. लाल झाला, पण पळाला नाही. "माझ्याशी लग्न कर. नात्यातला म्हणून नको. मी म्हणून."

तव्यावरचा पॅनकेक करपला, मी तसाच करपू दिला.

"पाच आठवडे," लोर्ना डोळे पुसत म्हणाली, "मी त्या हीटरकडे बघत बसले. मला वाटलं, या माणसाला फक्त यंत्रांशी बोलता येतं." आणि मग अशी काही हसली की मीही सुटले. "हो रे. हो! पण आज काही लग्न लागत नाही, आणि उद्यापासून तुमचे उपास."

"ईस्टरपर्यंत थांब," फिंटन म्हणाला. "जाऊ नकोस. थांब."

"थांबते."

मी तव्याकडे तोंड फिरवलं, कारण माझंच रडू फुटलं होतं. आमची चार भावंडं एकेक करून बॉस्टनला गेली. त्याच्या तरुणपणीची शेजारची मुलगी लंडनला गेली. प्रत्येक वेळी फिंटननं बॅग उचलून बसपर्यंत पोहोचवली होती. थांब, असं त्यानं कुणालाच म्हटलं नव्हतं.