भोकराखालची जागा

आमच्या म्हाताऱ्याने एका झाडापायी घरादाराच्या तोंडाला फेस आणला. नवघरच्या आमच्या जुन्या भातजमिनीवर सहा इमारतींचा लेआऊट येतोय. हरित पट्ट्याचा रहिवासी पट्टा करायचाय. भाऊबंदांनी सह्या केल्यात, आमच्या लेकाने, रोशनने, दोन वर्षं महापालिकेचे उंबरे झिजवलेत. आणि त्याच्याच बापाने हरकत घेतली! का, तर बांधावरच्या भोकराच्या जागी पार्किंग दाखवलंय.

"अवो, झाड दुसरं लावू," मी म्हटलं. "दहा लावू."

"न्हाय." एवढंच. कारण विचारलं की उठून बाहेर.

बरं, त्या झाडाचं एवढं प्रेम असतं तर मी समजले असते. दरवर्षी मी त्याच्या भोकरांचं लोणचं घालते, अख्खी आळी वाट्या घेऊन येते, आणि हा माणूस सेहेचाळीस वर्षांत जिभेला लावेल तर शपथ! त्यावरून मी किती भांडलेय ते देवालाच ठाऊक.

सुनावणीला मी मुद्दाम सोबत गेले. म्हटलं, काही वेडंवाकडं बोलला तर हात धरून घरी आणेन. नगररचनेच्या नीलिमा मॅडमनी टेबलावर नकाशा पसरला.

"आजोबा, इथे ना देऊळ, ना विहीर. मग पार्किंग का हलवायचं?"

म्हातारा नकाशावर वाकला. मग त्याने बांधावर बोट ठेवलं.

"हितं माझी पोर हाय."

रोशनला वाटलं, बाप भ्रमला. "बाबा, कुठली पोर?"

मला मात्र कळलं. आमची पहिली मुलगी. नऊ दिवसांची होऊन गेली. एवढ्या तान्ह्याला जाळत नाहीत, पुरतात. आईला जागा सांगत नाहीत, ती तिथेच जाऊन बसेल म्हणून. मीही विचारलं नाही. पुढे वाटलं, हा विसरला. पुरुषांचं काय!

"सांगितलं का न्हाय इतकी वर्षं?" मी भर ऑफिसात ओरडले.

"तू लोणचं एवढ्या हौसेनं घालायचीस," तो म्हणाला. "कसा सांगू?"

मला रडूच फुटलं, सगळ्यांदेखत. रोशनने माझा हात धरला तो सोडेना.

मॅडमनी नकाशा जवळ ओढला. मग म्हणाल्या, "लेआऊटमध्ये बागेला मोकळी जागा सोडावीच लागते. ती भोकराकडे घेऊ, पार्किंग पलीकडे. चालेल ना, रोशन?"

त्याने मान हलवली.

"तशी शिफारस करते. कारण लिहावं लागेल. मुलीचं नाव काय?"

म्हाताऱ्याची मान खाली गेली. "नाव न्हाय. बारसंच झालं न्हाय."

"झालंय," मी म्हणाले. "मी केलंय, मनात. लिवा मॅडम, चांदणी हरिश्चंद्र भोईर."

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. "चांदणी," तो म्हणाला, अगदी हळू. सेहेचाळीस वर्षांनी बापाला लेकीचं नाव कळलं होतं.

मी पदराने डोळे पुसले, मग त्याचेही पुसले.

"चला, उठा आता," मी म्हटलं. "मला जागा दाखवा."