चुकून वर गेलेला हात

कानाशी घोंघावणारी गांधीलमाशी हाकलायला शिंपीणबाईंनी हात वर केला. नेमकं त्याच क्षणी पाळकसाहेब चर्चमध्ये पुलपिटावरून विचारत होते, "मग प्रभूसाठी कोण जाईल?"

"आपल्या शिंपीणबाई!" पाळकसाहेबांनी दोन्ही हात पसरले. "देवाची स्तुती असो!"

सगळी मंडळी वळून बघू लागली. बाईंनी हात खाली घेतला, पण तोवर मागच्या बाकावरून कुणीतरी 'आमेन' म्हणूनही टाकलं होतं.

जायचं होतं ते निवृत्त हेडमास्तरांकडे, रोज थोडं शास्त्र वाचून दाखवायला. मांडीचं हाड मोडल्यापासून पाच महिने ते घराबाहेर पडले नव्हते. डॉक्टर सांगत, हाड जुळलंय, आता चाला. मास्तर विचारत, चालून जायचं कुठे? भेटीला आलेल्या तिघांना त्यांनी पिटाळून लावलं होतं. एकाला तर प्रार्थनेतलं व्याकरण चुकलं म्हणून, अर्ध्या प्रार्थनेतच.

"हात वर करायला तुला आजचाच दिवस सापडला?" घरी आल्यावर नवरा म्हणाला. "लग्नाचे सात झगे शिवायचे पडलेत!"

"उद्या जाऊन सांगते, चूक झाली म्हणून. आहे काय त्यात!"

सोमवारी चार वाजता त्या गेल्या. मास्तर खाटेवर बसले होते. सदऱ्याचं प्रत्येक बटण एकेक काज चुकून लागलेलं.

"आधीच सांगतो, मला कुणाची दया नको."

"आणि मला वेळ नाही," बाई म्हणाल्या.

"मग आलात कशाला?"

"चुकून." आणि त्यांनी गांधीलमाशीची सगळी हकिकत सांगितली.

मास्तरांच्या मिशा किंचित हलल्या. "पाच महिन्यांत खरं बोलणारं पहिलंच माणूस. बसा. एखादं स्तोत्र वाचा."

बाई वाचू लागल्या. मास्तर ओळीओळीला अडवू लागले. पाचव्या ओळीला बाईंनी पुस्तक मिटून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"माझी शाळा तिसरीत सुटली. तुम्हीच वाचा."

मास्तर वाचू लागले. बाईंचे हात रिकामे राहिले, आणि रिकाम्या हातांनी बसायची त्यांना सवय नव्हती. पानं उलटताना मास्तरांची बोटं थरथरत होती, ती त्या बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या नुसती दाबून लागणारी टिचबटणं घेऊन आल्या आणि खुंटीवरच्या सदऱ्याची जुनी बटणं उसवू लागल्या.

"मला न विचारता?" मास्तर गरजले.

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

तिसऱ्या दिवशी उरलेले चार सदरे घडी घालून खुर्चीवर ठेवलेले होते. बाईंनी ते मांडीवर ओढले आणि बटणं उसवायला घेतली.

'उद्यापासून जमणार नाही' असं सांगायचं रोज ठरवून बाई निघत, आणि रोज न सांगताच परतत. असे तीन आठवडे गेले. मग एका सकाळी पाळकसाहेब दुकानात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "तुमच्या यजमानांनी सगळं सांगितलं. माफ करा, बाई. आता एक नर्सबाई स्वतःहून पुढे आल्यात. तुम्ही सुटलात."

"बरं झालं," बाई म्हणाल्या आणि मशीन चालवू लागल्या. सुईत दोराच नव्हता, हे वीतभर शिवण झाल्यावर लक्षात आलं.

चार वाजून गेल्यावर त्या निरोप सांगायला गेल्या. मास्तर दारातच उभे होते. एका हातात काठी, काखेत पवित्र शास्त्र, केस पाणी लावून विंचरलेले, सदरा गळ्यापर्यंत नीट लावलेला.

"पाच मिनिटं उशीर," ते म्हणाले. "शेजारी जायचंय. तिथल्या म्हातारीचे डोळे गेलेत. सून वाचून दाखवते, पण सगळे स्वल्पविराम गिळते. भिंतीपलीकडून ऐकवत नाही मला."

"म्हणजे तुम्ही वाचणार?"

"मग कोण वाचणार? रोज एक अध्याय. तुम्ही फक्त तिथवर पोचवा आणि आणून सोडा." त्यांनी कोपर पुढे केला, मग बाईंकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला काहीतरी सांगायचंय. चेहऱ्यावर दिसतंय."

बाईंनी कोपर घट्ट धरला.

"हो," त्या म्हणाल्या. "पुढे उंबरा आहे. आधी काठी टाका, मग पाय."